मोगली मोठा होतो तेव्हा

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारच्या सकाळी मोगलीची चित्रमालिका हिंदीतून दाखवली जाऊ लागली. त्या वेळी जी मुले सात-आठ वर्षांची होती, ती आज चाळिशीच्या घरात आली आहेत. त्यांच्यापैकी कोणी बँकेत अधिकारी असेल, कोणी डॉक्टर असेल, कोणी शाळेत मास्तर असेल. कानशिलावरचे केस पांढरे होऊ लागले आहेत आणि घराच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. परंतु त्या मालिकेच्या आरंभीचे गीत कोठून तरी कानावर पडले की हीच माणसे हातातले काम क्षणभर थांबवतात, जवळपास कोणी नाही ना याची खात्री करून घेतात आणि मग गुणगुणू लागतात. ती खात्री करून घेण्याची गरज त्यांना का वाटावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बालपणीच्या आवडीच्या बाबतीत प्रौढ माणसे दोन प्रकारची आढळतात. पहिल्या प्रकारच्या माणसांना तिची लाज वाटते. आखूड झालेला सदरा धाकट्या भावंडाला देऊन टाकावा तशी ती आवड त्यांनी मुलांच्या स्वाधीन केलेली असते, निदान तसे ते दाखवतात. दुसऱ्या प्रकारची माणसे याच्या अगदी उलट. आपल्या लहानपणी जे पाहिले तेच अस्सल, त्यानंतर जे झाले ती सारी नक्कल व बिघाड, असे ती छातीठोकपणे सांगतात. नवा चित्रपट निघाला की तो पाहण्यापूर्वीच तो फसला आहे हे त्यांना ठाऊक असते. ही दोन माणसे वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसली तरी दोघांचीही समजूत एकच आहे. बालपण ही मागे राहिलेली, दार बंद झालेली खोली आहे असे दोघेही धरून चालतात. एक जण त्या दाराकडे पाहत नाही आणि दुसरा दारापाशीच बसून राहतो, एवढाच काय तो फरक.

मोगलीच्या गोष्टीचा इतिहास पाहिला तर या समजुतीचा पाया किती कच्चा आहे ते कळून येते.

दूरदर्शनवरची ती मालिका मुळात जपानी होती. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ती तयार केली. १९८९ च्या ऑक्टोबरात ती जपानमध्ये दाखवण्यास आरंभ झाला आणि तिचे एकंदर ५२ भाग झाले. आपल्याकडे आणताना तिला हिंदी संवाद दिले गेले. शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. आरंभीचे गीत गुलजार यांनी नव्याने लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल लावली. जपानी मुलांनी हे गीत कधी ऐकलेच नव्हते. मालिकेतील मोगली बूमरँग फेकून शत्रूला नामोहरम करतो आणि त्याच्या सवंगड्यांत किची नावाचा एक तांबडा पांडा आहे. मूळ पुस्तकात बूमरँगही नाही आणि तांबडा पांडाही नाही. ज्या सातपुड्याच्या रानात ही कथा घडते, तेथे हिमालयातील तांबडा पांडा आढळण्याचे कारण नाही. म्हणजे आज चाळिशीतला गृहस्थ ज्याला ‘अस्सल मोगली’ म्हणतो, त्यातील त्याच्या सर्वांत प्रिय वस्तू, म्हणजे ते गीत, तो आवाज आणि ते बूमरँग, या सगळ्या रूपांतरकारांनी मागाहून घातलेल्या आहेत. ज्या नव्या रूपांतरांना तो नाके मुरडतो, त्यांच्यासारख्याच एका रूपांतरावर त्याचे प्रेम जडलेले आहे.

असे असूनही ते प्रेम खोटे ठरत नाही. लहान मुलाच्या दृष्टीने जे रूप प्रथम भेटते तेच मूळ असते, आणि ते त्याच्या मनात इतके खोल रुजण्याला त्या काळची पाहण्याची रीतही कारणीभूत होती. भाग आठवड्यातून एकदाच लागे. चुकला तर पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. ऐन वेळी वीज गेली तर शेरखानाने झेप घेतली एवढेच कळे आणि पुढचे काय झाले हे दुसऱ्या दिवशी शाळेत विचारून घ्यावे लागे. ज्याने पाहिले असेल तो सांगताना चार गोष्टी पदरच्या घाली, ऐकणारा आणखी दोन घाली, आणि मधल्या सुट्टीत तो भाग पटांगणावर पुन्हा घडे. दुपारपर्यंत मूळ बावीस-तेवीस मिनिटांच्या भागाचे एक लांबलचक पुराण झालेले असे. जे नुसते पाहिले ते माणूस विसरतो. ज्यात त्याने स्वतःची भर घातली ते सहसा विसरत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत या पुराणाला भाषेचाही एक निराळा रंग चढे. इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मुलाला पडद्यावरची हिंदी परकी नव्हती. ती त्याच्या गल्लीचीच भाषा होती. ‘बालू’ हे नाव ऐकताच त्याला त्यात भालू, म्हणजे अस्वल, ऐकू येई, आणि ‘अकेला’ हा लांडगा एकटा आहे हे नावातच उमजे. बेळगाव किंवा मडगाव येथील मराठी मुलाची गोष्ट थोडी निराळी. घरात अस्वलाला अस्वलच म्हणत असल्यामुळे बालू हे त्याच्या लेखी शेजारच्या बाळूसारखे नुसते एक नाव होते. एकाच चित्रातून दोन मुले दोन निराळ्या गोष्टी घेऊन उठत, आणि दोघांनाही आपण काही गमावले असे वाटत नसे.

ही नावे मुळात ज्याने ठेवली तो लेखक रुडयार्ड किपलिंग. त्याचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५ चा. त्याचे वडील मुंबईच्या कलाशाळेत शिक्षक होते. लहानपणी त्याला सांभाळणारी आया पोर्तुगीज म्हणवणारी कॅथलिक बाई होती, म्हणजे बहुधा गोव्याकडची, आणि दुसरा एक हिंदू गडी होता. या दोघांच्या सहवासात तो इंग्रजीपेक्षा येथली बोलीच अधिक सहजतेने बोले, इतकी की आईवडिलांपुढे जाताना इंग्रजीत बोलण्याची त्याला आठवण करून द्यावी लागे. १८७१ साली, वयाची सहा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडात परक्या घरी ठेवण्यात आले. तेथील दिवस फार कष्टाचे गेले. पुढे १८८२ च्या ऑक्टोबरात तो मुंबईच्या बंदरात पुन्हा उतरला. त्या वेळचा एक अनुभव त्याने आत्मचरित्रात नोंदवला आहे. ओळखीची दृश्ये आणि वास यांच्यामध्ये येताच त्याच्या तोंडून तेथल्या बोलीतील वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली, आणि त्या वाक्यांचा अर्थ मात्र त्याला स्वतःलाच कळत नव्हता!

अकरा वर्षे दडून राहिलेले बालपण असे एकाएकी जिभेवर आले. त्या वेळी त्याचे वय सोळा वर्षे नऊ महिने होते. हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मोगलीच्या कथा त्याने याच्याही दहा वर्षांनंतर, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, हिवाळ्याच्या बर्फात राहून लिहिल्या. पहिले पुस्तक १८९४ साली आणि दुसरे १८९५ साली निघाले. ज्या शिवनीच्या रानात त्या घडतात ते त्याने स्वतः पाहिल्याचे दिसत नाही. स्टर्न्डेल नावाच्या एका अधिकाऱ्याने सातपुड्यातील छावण्यांवर लिहिलेल्या पुस्तकासारख्या साधनांवरून त्याने ते रान उभे केले. तथापि नदीचे नाव खरे आहे. कथेतील वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतून वाहत जाते. नागपूरकडच्या माणसाला मोगलीचे रान हे परदेशी पुस्तकातले रान नव्हे. ते त्याच्या शेजारचे आहे.

या दुसऱ्या पुस्तकात मोगलीची शेवटची गोष्ट आहे आणि ती चित्रपटांमुळे पुष्कळांच्या माहितीतून निसटली आहे. शेरखान केव्हाच मेला आहे. रानकुत्र्यांशी झालेल्या मोठ्या लढाईत म्हातारा अकेलाही पडला आहे. मोगली आता सतरा वर्षांचा होत आला आहे. सारे रान त्याला भिऊन वाट देते; त्याला कशाचीही उणीव नाही. आणि तरीही वसंत ऋतू येताच त्याला काहीतरी होऊ लागते. अन्न गोड लागत नाही, कोठे बसवत नाही. आपण विषारी काहीतरी खाल्ले असावे असे त्याला वाटते. रात्रभर धावत धावत तो माणसांच्या वस्तीपाशी पोहोचतो. त्याला हाकलून कोणी दिलेले नाही, बोलावलेलेही नाही. तो मोठा झाला आहे, इतकेच.

निघण्यापूर्वी तो आपल्या माणसांची, म्हणजे आपल्या जनावरांची, भेट घेतो. बालू आता आंधळा होत आला आहे. मोगली त्याच्या गळ्यात हात टाकून हुंदके देतो. पहिल्या पुस्तकात कळपाने बाहेर काढल्यावर तो पहिल्यांदा रडला होता तेव्हा डोळ्यांतून पाणी का येते हे न कळल्यामुळे, आपण मरत आहोत की काय, असे त्याने बघीराला विचारले होते. आता तो विचारत नाही. बघीरा उशिरा येतो, कारण तो एक बैल मारून आलेला असतो. लहानग्या मोगलीला कळपात घेताना बघीराने एका बैलाची किंमत मोजली होती. आता दुसरा बैल देऊन त्याने ते ऋण फेडले आणि मुलाला मोकळे केले.

सोळा वर्षे नऊ महिन्यांचा किपलिंग मुंबईत परत आला. सतरा पुरी होण्याच्या आत मोगली रान सोडून गेला. एक बालपणाकडे येतो आणि एक बालपणातून जातो. लेखकाने हा मेळ मुद्दाम साधला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु बालपण सोडण्याची वेदना त्याला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती, हे निश्चित.

यानंतरची सारी रूपांतरे म्हणजे एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत: या मुलाने जावे की राहावे? १९६७ साली यांपैकी दोन उत्तरे एकदमच पुढे आली. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रगृहातून निघालेला चित्रपट सर्वांना ठाऊक आहे. बिल पीट या कथाकाराने केलेला पहिला आराखडा मूळ पुस्तकाच्या गंभीर वळणाचा होता. तो डिस्ने यांना फार काळोखा वाटला आणि दोघांचे बिनसले. पुढच्या लेखकाच्या हाती पुस्तक देऊन, हे वाचू नका, असे त्यांनी बजावल्याची हकीकत सांगितली जाते. डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारले, त्यामुळे पुरा झालेला चित्रपट त्यांना पाहावयास मिळाला नाही. त्याच्या शेवटी पाणी भरायला आलेल्या एका मुलीच्या मागोमाग मोगली हसत हसत गावात शिरतो. त्याच वर्षी मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या संस्थेत रोमान दाविदोव यांनी आपली पाच भागांची मालिका सुरू केली. ती १९७१ पर्यंत चालली. तिचे वळण वीरकथेचे आहे. रशियन भाषेत बघीरा हे नाम स्त्रीलिंगी, म्हणून तेथे बघीरा मादी झाली! ही मालिका मात्र मोगलीला खरोखरच वाढवते; शेवटी निघतो तो तरुण पुरुष असतो.

जॉन फॅव्हरू यांच्या २०१६ च्या चित्रपटात मोगली जातच नाही. शेरखानाचा नाश होतो आणि मुलगा झाडावर आपल्या मित्रांशेजारी पहुडतो. या शेवटाचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. चित्रपट मुलांसाठी असला तरी त्याच्या कर्त्यांना मुलांच्या आईबापांचीही जाणीव होती, आणि मोगलीने रान सोडू नये ही इच्छा मुलांपेक्षा आईबापांचीच अधिक असते. भारतात तो ८ एप्रिल रोजी, अमेरिकेच्या एक आठवडा आधी, प्रदर्शित झाला. हिंदी आवृत्तीत शेरखानाला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज होता आणि जाहिरातीसाठी ते जुने गीतही नव्याने ध्वनिमुद्रित झाले. तेवीस वर्षांपूर्वी त्या आवाजाला भिऊन ज्यांनी उशीत तोंड लपवले, त्यांच्यापैकी कित्येक आता आपल्या मुलाचा हात धरून अंधारात बसले होते.

अँडी सर्किस यांचे २०१८ चे रूपांतर मोठ्यांसाठी म्हणून केलेले आहे. त्यात रक्त आहे, जखमा आहेत, क्रौर्य आहे. त्याचे काही भाग प्रभावी आहेत हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की कथा काळी केल्याने ती प्रौढ होत नाही. प्रौढपण रंगात नसते. पाहणारा कोठे बसून पाहतो यात असते.

आणि ही बसण्याची जागाच तर वयाबरोबर बदलते. लहानपणी पाहणारा मोगलीच्या शेजारी बसलेला असतो. सोंडेवरून घसरावे, फांदीवरून झोके घ्यावेत, शत्रूला हुलकावणी द्यावी, हीच त्याची गोष्ट. डिस्नेचा सुस्त, नाचरा, कशाचीही काळजी न करणारा बालू त्याला फार आवडतो, कारण असा मोठा माणूस प्रत्येक मुलाला हवाच असतो. पुस्तकातील बालू तसा मुळीच नाही. तो शिक्षक आहे. रानाचे नियम तो मोगलीकडून घोकून घेतो, चुकल्यास थप्पडही देतो, आणि मुलाच्या अंगावर वळ उठले म्हणून बघीरा त्याला बोल लावतो. त्यावर बालूचे म्हणणे असे की, अज्ञानामुळे रानात जीव गमावण्यापेक्षा प्रेम करणाऱ्याच्या हातचे वळ बरे. आजच्या कोणत्याही शाळेत हे उत्तर चालणार नाही आणि चालूही नये. पण त्या उत्तरामागची धास्ती ज्याने मूल वाढवले आहे त्याला कळते. आपण पुरेसे शिकवले आहे का, हे पोर एकटे निघेल तेव्हा त्याला हाका आठवतील का, ही ती धास्ती.

बघीराचेही तसेच. त्याच्या हनुवटीखाली गळपट्ट्याची खूण आहे. उदयपूरच्या राजवाड्यात, पिंजऱ्यात त्याचा जन्म झाला, हे तो फक्त मोगलीला सांगतो. मुलाला ते एक गुपित म्हणून आवडते. ज्याने स्वतः काही बंधने तोडली आहेत, त्याला ते वाचताना थांबावे लागते. लांडगीण रक्षा शेरखानासमोर गुहेच्या तोंडाशी उभी राहते तो प्रसंग लहानपणी केवळ भांडणाचा वाटतो. आई झालेल्या स्त्रीला तो तसा वाटत नाही. गोष्ट तीच, रान तेच. पाहणारा मात्र मोगलीजवळून उठून केव्हा बालूच्या शेजारी येऊन बसला, हे त्याचे त्यालाही कळलेले नसते.

मोठेपणी जे दिसते ते सगळेच गोड असते असेही नाही. किपलिंग हा इंग्रजी साम्राज्याचा अभिमानी होता. या देशाच्या माणसांविषयी, विशेषतः मोगलीला दगड मारणाऱ्या खेड्यातील माणसांविषयी, त्याने जे लिहिले त्यात तुच्छता आहे. लहान वाचकाला ती जाणवत नाही. मोठ्याला जाणवली पाहिजे. ती जाणवली म्हणून बालूवरची माया कमी होते असा अनुभव नाही. माणूस आपल्या आजोबांचेही सगळे गुणदोष मोठेपणीच ओळखतो.

तेव्हा गुणगुणण्यापूर्वी इकडे तिकडे पाहणाऱ्या त्या गृहस्थाने एक कथा अवश्य वाचावी. मोगलीची पहिली कथा ‘जंगल बुक’मध्ये नाहीच. ती त्याच्या आधी, १८९३ साली, एका निराळ्या संग्रहात छापली गेली, आणि तीत मोगली प्रथमच वाचकांसमोर येतो तो मूल म्हणून नव्हे, वयात आलेला पुरुष म्हणून. रानातला हा विलक्षण तरुण जनावरांना हवे तसे वळवतो हे पाहून जंगलखात्याचा वरिष्ठ अधिकारी त्याला सरकारी नोकरी देऊ करतो. मोगली ती पत्करतो. जंगलाचा रखवालदार होतो, आणि नोकरीच्या अखेरीस त्याला पेन्शनही मिळावयाचे असते. लग्न होते, संसार होतो. साम्राज्याची चाकरी करणारा हा मोगली सर्वांना रुचेल असे नाही. पण कथेच्या शेवटी साहेब रानातून जात असता जे पाहतात ते पाहण्यासारखे आहे. झाडीत मोगलीचे रांगते, उघडेबोडके मूल खेळत असते आणि त्याच्या भोवती मोगलीचे लांडगे भाऊ असतात. ते बापाला सोडून गेलेले नाहीत, आणि बापाने आपल्या मुलाला त्यांच्यापासून दूर ठेवलेले नाही.